अजिंठा, वेरूळ आणि ‘सगळं ठीक आहे’

बाबांनी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेली त्यांची मुलं आज कुठे कुठे आहेत, पण बाबा स्वतः अजिंठ्याला एकदाच गेले होते. 1986 साली, आर्ट टीचर डिप्लोमा करताना, कॉलेजच्या सहलीबरोबर. नंतर घर, नोकरी, माझं शिक्षण, आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, आजारपण. मागच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. मला नोकरी लागून तेव्हा तीन महिने झाले होते आणि पहिल्या पगारातून काय करायचं हे माझं आधीच ठरलं होतं. आईला आजीला सोडून येता येणार नव्हतं. ती म्हणाली, “तुम्ही दोघं जाऊन या. आणि मला रोज फोन करा.”

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. अठराव्या वर्षी मतदान केलं होतं, बँकेत खातं होतं, ऑफिसात लोक मला अहोजाहो करत होते. आपण मोठे झालो असं मला वाटत होतंच. आता मागे वळून बघते तेव्हा त्यातलं काहीच आठवत नाही, आठवते ती या चार दिवसांमधली एक संध्याकाळ. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे. तिकडे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी माहितीही येता येता देते.

शुक्रवार: पुणे ते छत्रपती संभाजीनगर

सकाळच्या एसटीने निघालो, दुपारी जेवायच्या वेळेला पोचलो. प्रवासात सांगण्यासारखं एवढंच की बाबा खिडकीत बसले. लहानपणापासून खिडकी माझी असायची. या वेळी मी “तुम्ही बसा” म्हटलं आणि ते काही न बोलता आत सरकले. अहिल्यानगर गेल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर दिसायला लागली. बाबा बोटाने काचेवर काहीतरी रेखाटत होते.

हॉटेलच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायची वेळ आली तेव्हा काउंटरवरच्या माणसाने वही बाबांपुढे सरकवली. बाबांनी ती माझ्याकडे सरकवली. “तिनेच आणलंय मला,” ते म्हणाले. त्या आवाजात कौतुक होतं आणि मी त्या कौतुकात दिवसभर तरंगत होते.

ऊन उतरल्यावर बीबी का मकबरा बघितला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, तिच्या मुलाने, आझम शाहने बांधलेली. लोक ताजमहालाशी तुलना करून पुढे जातात. बाबा मात्र घुमटाचा संगमरवर कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो ते शोधत भिंतीजवळ उभे राहिले. “बघ, दगड परवडला नाही तिथे चुना घोटून घोटून दगडासारखा केलाय. ते हात बघ.” त्यांनी भिंतीला बोट लावलं नाही, दोन इंचांवरून नुसता हात फिरवला. वर्गात कुणाच्या चांगल्या चित्रावरून ते असाच हात फिरवायचे.

रात्री जवळच्याच एका खानावळीत ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि वांग्याचं भरीत. येसर आमटी मी पहिल्यांदा खाल्ली. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा तो वास अजून आठवतो. बाबांनी जेवणाआधीची गोळी डबीतून काढून घेतली. ती डबी आईने भरून दिली होती, वारांच्या खान्यांची. त्या डबीकडे तेव्हा मी नीट बघितलंही नाही.

नोव्हेंबर होता. रात्री चांगलीच थंडी पडली. झोपण्यापूर्वी मी दाराची कडी लावली, आणि परत उठून लागली आहे ना ते बघितलं.

शनिवार: अजिंठा

संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर. सकाळी सहाला गाडी ठरवली होती. गाडी चालवणारे चाचा साठीच्या आसपासचे, फार कमी बोलणारे, पण सिल्लोडला चहासाठी थांबल्यावर बाबांनी वही उघडली आणि त्यांनी मान वाकवून बघितलं. त्यानंतर दिवसभर ते बाबांना “मास्टरजी” म्हणत होते.

जाणाऱ्यांसाठी इथेच सांगते. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही एकाच फेरीत करायचं असेल तर आधी हे बघून ठेवा. अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळच्या तिठ्यावर ती ठेवायची आणि तिथून पुढचे चार किलोमीटर बसने जायचं. त्यानंतर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. बाबांनी तिच्याकडे बघायलाही नकार दिला, पण ज्यांना गरज आहे त्यांनी संकोच करू नये. चित्रांच्या लेण्यांमध्ये पायताण बाहेर काढावं लागतं, म्हणून सहज निघणाऱ्या चपला बऱ्या. फ्लॅश चालत नाही. आत अंधार असतो, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. बहुतेक लोक तेवढं थांबत नाहीत आणि “काही दिसत नाही” म्हणत बाहेर पडतात.

बाबा थांबले. पहिल्या लेण्यात शिरल्यावर ते उजेडाकडे पाठ करून उभे राहिले, डोळे मिटले, आणि मग सावकाश गाभाऱ्याच्या दिशेने वळले. डाव्या हाताला पद्मपाणी. हातात निळं कमळ, मान किंचित कललेली, नजर खाली. पुस्तकात, कॅलेंडरवर, बाबांच्या शाळेच्या भिंतीवर हे चित्र मी शेकडो वेळा बघितलं होतं. पण प्रत्यक्षात ते कितीतरी शांत आहे. बाबा हलक्या आवाजात बोलत होते, म्हणजे खरं तर शिकवत होते. हा ओल्या गिलाव्यावरचा फ्रेस्को नव्हे. खडकावर मातीचा लेप, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, सगळं जवळपासचं. फक्त निळा दुरून आलेला, लाजवर्द दगडाचा. “म्हणून निळा जपून वापरलाय. जिथे हवा तिथेच.”

मग ते 1986 बद्दल बोलले. त्यांच्या सरांनी लेण्याच्या दारात पांढरं कापड धरायला लावून उन्हाचा कवडसा आत घेतला होता. कापडाचं एक टोक बाबांच्या हातात होतं. “मी चित्र बघितलंच नाही गं नीट. हात हलू नये म्हणून सगळं लक्ष कापडाकडे.”

अडतीस वर्षांनी ते चित्र बघत होते. मी बाजूला झाले आणि त्यांना एकटं सोडलं.

दहाव्या लेण्यात 1819 साली आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर आपलं नाव कोरलं आहे. शिकारीला आला होता म्हणतात. बाबांना त्याच्यापेक्षा रॉबर्ट गिल जवळचा. ज्याने इथे वर्षानुवर्षं राहून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. ही गोष्ट सांगताना बाबांचा आवाज दरवेळी बसतो. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, आणि त्यांतल्याही पुष्कळ आगीत जळाल्या. “पण केल्या ना,” बाबा म्हणाले.

सव्विसाव्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. बुद्ध कुशीवर निजलेले, खाली शोक करणारे शिष्य. तिथे एका शाळेची सहल आली होती. एका मुलीने तिच्या बाईंना विचारलं, “बाई, ते झोपलेत का?” बाई म्हणाल्या, “हो. हळू बोल.” मला ते उत्तर फार आवडलं.

रात्री आईला फोन केला. बाबांनी तिला अर्धा तास पद्मपाणी सांगितला. जेवायच्या आधी, जेवताना आणि जेवल्यावरही. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

रविवार: वेरूळ

रविवारची गर्दी होण्याआधी कैलास बघायचं असं मी ठरवलं. ते मीच ठरवलं होतं, हे लिहिणं भाग आहे. सकाळी साडेसहाला निघालो. बाबांनी चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली आणि डबीतली सकाळची गोळी घेतली. मी म्हटलं, आधी लेणं, मग नाश्ता. वाटेत पोहे घेतले होते, ते त्यांनी चार घास खाऊन मला दिले. त्यांचं लक्ष पुढे लागलेलं.

कैलास लेण्याबद्दल मी काय लिहू. डोंगर वरून खाली खोदत आणला आणि आत मंदिर उरलं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. पाया घालायचा नाही, भिंत चढवायची नाही, फक्त नको तेवढा दगड काढत जायचं, आणि चूक झाली तर लावायला दुसरा दगड नाही. सकाळच्या उन्हात कळसाचा वरचा भाग तांबूस झाला होता आणि खालचं अंगण अजून सावलीत, थंड. कबुतरांचा आवाज तेवढा.

दक्षिणेच्या बाजूला रावणाने कैलास हलवल्याचं शिल्प आहे. खाली रावण वीस हातांनी पर्वत उचलतोय, वर पार्वती शंकराच्या अंगावर कललेली, त्याचा दंड धरून. मागे एक दासी पळत सुटली आहे. बाबांनी पिशवीतून वही काढली, सहा बी पेन्सिल काढली आणि समोरच्या कट्ट्यावर बसले. “मला ही दासी काढायचीय. सगळे शंकर-पार्वतीकडे बघतात. खरी घाबरलीय ती हीच.”

ते दोन-अडीच तास बसले. लोक येत होते, मागून बघत होते, फोटो काढत होते. एका छोट्या मुलाने विचारलं, “आजोबा, मला शिकवाल?” बाबांनी त्याला पान फाडून दिलं, पेन्सिल दिली. मी त्यांना उठवलं नाही. साडेअकरा वाजले, बारा वाजले. मला दिसत होतं की त्यांनी काही खाल्लेलं नाही. मला हेही दिसत होतं की ते किती खुशीत आहेत, आणि मी खुशीच्या बाजूने कौल दिला.

एकदा मी वाकून वहीत बघितलं. रावणाचे हात सुरेख आले होते, एका दमात काढलेले. दासीचा हात मात्र दोनदा काढला होता, आणि रेघ हलली होती. बाबांची रेघ कधीच हलत नाही. माझ्या मनात आलं, निवृत्त झाले, हात म्हातारा झाला. मला वाईट वाटलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “चला, जैन लेणी बघू आणि मग जेवू.”

जैन लेणी, तीस ते चौतीस, जरा लांब आहेत. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, पायरी चढताना बाबा थांबले. पाठीवरचा शर्ट पूर्ण भिजला होता. ऊन होतं, पण इतकं नव्हतं. मी विचारलं, “दम लागला का?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली नाही. ओठ थरथरत होते.

“अक्का,” ते म्हणाले. “अक्का, घरी चल ना.”

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. बाबा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली, तेव्हापासून अक्काआत्यानेच त्यांना वाढवलं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. मी तिच्यासारखी दिसते असं सगळे म्हणतात.

मी “हो, चल” म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. त्यांना अरे-तुरे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. दंड धरून त्यांना पायरीवर बसवलं. माझे कान गच्च झाले होते. पहारेकरी धावत आला. “शुगर हाये का त्यान्ला? ताई, साखर द्या आधी. माझ्या बापाचं असंच होतं.”

माझ्याकडे साखर नव्हती. पिशवीत पाण्याची बाटली, टोपी, खोडरबर, बाबांचा चष्मा, कागद. साखर नव्हती.

घृष्णेश्वराचं दर्शन करून आलेल्या बायकांचा एक गट लेणी बघायला आला होता. जालन्याकडच्या, जीप करून ज्योतिर्लिंगांना निघालेल्या. त्यांतल्या एका आजींनी कमरेच्या पिशवीतून पुडी काढली. चहाची साखर. माझ्याच बाटलीत घातली, अंगठ्याने तोंड दाबून हलवली. “घोट घोट पाज. एकदम नको. गिळतायत का बघ.” मी बाबांची हनुवटी धरली आणि पाजत राहिले. आजी माझ्या मागे उभ्या होत्या आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. “घाबरू नको माय. येतंय बघ माणूस माघारी.”

दहा-बारा मिनिटांनी बाबांच्या नजरेत ओळख आली. पहिलं वाक्य होतं, “वही कुठाय?”

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “मनू, काय झालं?” मला रडायला आलं नाही. त्या वेळी नाही.

चाचांनी गाडी परवानगी होती तिथपर्यंत आणली. जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. रविवार असल्यामुळे गर्दी नव्हती. ड्यूटीवरच्या डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या. बोटाला टोचून बघितलं, बासष्ट. साखर पाजल्यानंतरची बासष्ट, म्हणजे त्याआधी त्याहून खाली. त्यांनी विचारलं, कोणती गोळी? मला सांगता आलं नाही. मी आईने भरलेली डबी पुढे केली, पण डबीतल्या गोळीवर नाव नसतं. बाबांनीच क्षीण आवाजात सांगितलं, ग्लिमेपिराइड. डॉक्टर म्हणाल्या, या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो, एकदा साखर वर आली तरी पुन्हा खाली जाऊ शकते. संध्याकाळपर्यंत थांबा.

त्यानंतरचं सगळं त्या माझ्याशी बोलल्या. किती वाजता खायला द्यायचं, रात्री उठून एकदा तपासायचं, घरी गेल्यावर डॉक्टरांना विचारून डोस बघायचा. बाबा शेजारच्या खाटेवर बसून होते आणि भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. चौतीस वर्षं ज्या माणसाने पालकांशी मुलांबद्दल असंच, मुलांच्या डोक्यावरून बोललं असेल, तो आता खाली बघून ऐकत होता. मी खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे डॉक्टरांना आम्ही दोघं दिसू.

मधुमेहाच्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी एवढं कराच. गोळ्यांची नावं, डोस आणि घरच्या डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून तो आपल्या खिशात ठेवा, त्यांच्या नाही. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी जवळ असू द्या. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, न ओळखणं, अक्षर किंवा रेघ बिघडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, साखर द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज वाटली तर पुन्हा द्या, आणि मग पोटभर खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि गोळी घेतली की खाणं टाळायचं नाही. लेणी बाराशे वर्षं उभी आहेत. नाश्ता होईपर्यंत थांबतील.

आता ती संध्याकाळ.

साडेपाचला साखर एकशे चाळीसवर आली आणि आम्हाला सोडलं. बाबा गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून पडले. मी बाहेर आवारात लिंबाच्या झाडाखाली उभी होते, चाचा पाण्याची बाटली भरून आणायला गेले होते, आणि फोन वाजला. आई.

“काय गं, दिवसभर फोन नाही? बाबा जेवले का?”

मी म्हटलं, “हो गं. सगळं ठीक आहे. ऊन लागलंय जरा, दमलेत. हॉटेलवर गेलो की करते.”

माझा आवाज अगदी सरळ निघाला. थोडासा हसरासुद्धा. आजीला अंघोळ घालायची होती म्हणून आईने फोन ठेवला. आणि मी फोन कानावरून काढला तेव्हा तो हातातून निसटला, कारण तळवा घामाने चिंब झाला होता.

मी सात वर्षांची होते तेव्हा आईचं अचानक अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. रात्र होती, जानेवारी होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबा आजीशी फोनवर बोलत होते. “सगळं ठीक आहे. तुम्ही झोपा.” अगदी सरळ आवाजात, थोडंसं हसून. त्यांचा दुसरा हात माझ्या डोक्यावर होता आणि तो ओला होता. मला वाटलं, हात धुऊन आले असतील. पुसायला टॉवेल मिळाला नसेल. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं. बाबा घाबरत नाहीत, हे मला माहीत असलेल्या जगातलं सगळ्यात पक्कं सत्य होतं, आणि त्याच्या भरवशावर मी त्या रात्री बाकावर झोपून गेले होते.

लिंबाखाली उभी राहून मी माझा तळवा ओढणीला पुसला. गाडीत बाबा झोपले होते, तोंड किंचित उघडं. मी इतकी घाबरलेली होते की गुडघ्यात बळ नव्हतं, आणि तरी पुढे काय काय करायचं ते मला एकामागोमाग एक दिसत होतं. खिचडी मिळेल का बघायचं. रात्री दोनचा गजर लावायचा. उद्याची तिकिटं दुपारची करायची. चाचांना पैसे द्यायचे, ते नको म्हणतील, तरी द्यायचे.

ते नको म्हणाले. मी दिले.

सोमवार: देवगिरी आणि परत

रात्री दोनदा साखर बघितली, वाटेत विकत घेतलेल्या यंत्रावर. दोन्हीदा ठीक होती. सकाळी बाबांनी पोटभर नाश्ता केला आणि म्हणाले, “दौलताबाद बघून जाऊ. मी वर चढणार नाही, वचन.”

रस्त्यावर पेरूवाल्या बायका बसल्या होत्या. एकीने न विचारता मीठ लावून फोड दिली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, खाऊ का, अशा नजरेने. मी हो म्हटलं. त्यांनी असं विचारावं हे मला सहन झालं नाही. मी पटकन दुसरीकडे बघितलं.

यादवांची देवगिरी, 1296 मध्ये अल्लाउद्दीनाने लुटलेली, 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने जिला राजधानी केलं ती. चांद मिनारासमोर सावलीत बाबा बसले. पिशवीत बिस्किटं, ग्लुकोज, पाणी सगळं ठेवून मी एकटी वर गेले. खंदकाचा पूल ओलांडला की अंधारी लागते. डोंगरातून खोदलेला वळणावळणाचा काळोखा रस्ता, शत्रूला चकवण्यासाठी केलेला. वटवाघळांचा उग्र वास. टॉर्च न्या, मोबाइलच्या उजेडाने भागत नाही. मधेच माझ्या पुढच्या कुटुंबातलं एक पोर रडायला लागलं आणि त्याचा बाप म्हणाला, “काय नाय रे, हे बघ आलंच.” त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. मी त्याच्या मागेच होते, मलाही दिसत नव्हतं.

खाली आले तेव्हा बाबा मिनार काढत होते. रेघ सरळ होती.

बसमध्ये या वेळी त्यांनी मला खिडकीत बसवलं. अहिल्यानगर येईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. मग ते म्हणाले, “आईला काय सांगितलंस काल?”

“सगळं ठीक आहे म्हणून.”

“पटलं तिला?”

“पटलं असेल.”

बाबांनी मान हलवली. “नाही पटत तिला. माझंही कधी पटलं नाही.” थोड्या वेळाने म्हणाले, “मी तुला काय हाक मारली काल?”

मी सांगितलं. ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी माझा हात घेतला, उलटा केला आणि तळव्यावर बोटाने काहीतरी काढलं. काय ते मी विचारलं नाही.

घरी पोचायला रात्रीचे नऊ झाले. आईने दार उघडलं, बाबांकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पानं घेतली. वरण-भात, बटाट्याची भाजी, ताक. आजीला अजिंठा सांगून झाला, डोली सांगून झाली, येसर आमटी सांगून झाली. मी योग्य वेळ बघत होते. बाबा झोपायला गेल्यावर सांगायचं असं ठरवलं होतं.

बाबा गेले. आई ओटा पुसून आली आणि टेबलावरची वही उघडून बसली. एकेक पान सावकाश. मकबऱ्याची जाळी. वाघूर नदीचं वळण. कैलासाचे हत्ती. मग रावण. मग दासी.

तिथे ती थांबली. चष्मा वर सरकवून तिने वही दिव्याजवळ धरली. दासीच्या हातावर, दोनदा काढलेल्या त्या हललेल्या रेघेवर, तिने बोट ठेवलं.

“किती खाली गेली होती?” तिने विचारलं.